बाहेरची हवा

मोताळ्याच्या बाजाररस्त्यावर वहाबचं कूलरचं दुकान आहे, आणि हवेबद्दल आपल्याइतकं तालुक्यात कुणाला कळत नाही अशी त्याची पक्की खात्री होती. खात्री अगदीच पोकळ नव्हती. पत्रा कापण्यापासून गवताच्या ताट्या भरण्यापर्यंत तो कूलर स्वतःच्या हातानं बनवायचा आणि होळी झाली की आसपासच्या खेड्यांतली माणसं त्याच्या दारात उभी राहायची. पण नुसता कूलर विकून गप्प बसेल तर तो वहाब कसला. तो गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन कूलर बसवून द्यायचा आणि समोरची खिडकी उघडी आहे की नाही ते जातीनं बघायचा. बंद दिसली की त्याचं डोकं फिरायचं.

"हवा आली पाह्यजे, आन आली तशी गेली बी पाह्यजे," तो सांगायचा. "कोंडली का सडली. मंग माह्या कूलरले नावं ठेवू नका."

यात खोटं काही नाही. खिडकी लावून कूलर चालवला तर खोलीत दमट वाफ साचते आणि अंग चिकचिकतं, हे वऱ्हाडातलं शेंबडं पोरही सांगेल. वहाबचं चुकलं ते एवढंच, की कूलरला जे लागू ते साऱ्या दुनियेला लागू असं तो धरून चालला. माणसाला एक गोष्ट चांगली येत असली की त्याला दुसरी विचारावीशी वाटत नाही. वहाबला तर कुणाला काही विचारायची सवयच नव्हती.

त्याची बायको शाहजादी. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या बसल्या. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तिला बुलढाण्याला नेऊन डायलिसिसच्या मशीनवर रक्त साफ करून आणावं लागे. लघवी जवळजवळ बंदच झाली होती, त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच राही. आधी पाय सुजायचे, मग पोट, आणि फारच झालं तर ते पाणी फुप्फुसात चढून श्वास लागायचा. म्हणून डॉक्टरांनी दिवसाचं पाणी अर्ध्या लिटरवर आणलं होतं, तेही चहा आणि वरणातलं धरून. मे महिन्यात मोताळ्यात अर्ध्या लिटरवर दिवस काढणं म्हणजे काय, ते शाहजादीलाच ठाऊक.

पहिल्या उन्हाळ्यात ते एसटीनं जात. एकदा राजूर घाटात शाहजादीनं शेजारच्या बाईकडून पाण्याची बाटली मागून घेतली आणि एका दमात रिकामी केली. दुसऱ्या दिवशी तिला श्वास घेता येईना, म्हणून भरती करावं लागलं. वहाबनं तेव्हाच ठरवलं. माल पोचवायचा जुना तीनचाकी ऑटो त्यानं देऊन टाकला आणि एसी असलेली एक जुनी पिकअप घेतली. मागे कूलर, पुढे शाहजादी. बाजारात लोक हसले. कूलरवाल्यानं एसीची गाडी घ्यावी म्हणजे न्हाव्यानं दुसऱ्याच्या दुकानात दाढी करायला जाण्यासारखंच.

"तिच्या बापानं नाव शाहजादी ठेवलं," वहाब म्हणायचा, "आता निभवा तर मलेच लागन ना."

हिवाळाभर एसीची परीक्षाच झाली नाही. ऊन तापायला लागलं आणि एसीनं मान टाकली. सकाळी माल घेऊन निघावं तर बरा गारवा यायचा, पण दुपारी नुसताच पंखा. आणि शाहजादीची मशीनवरची पाळी नेमकी दुपारची होती. जाताना डोक्यावर ऊन आणि उतरत्या दिवसाला घरी येताना तापलेल्या रस्त्याची आग. शाहजादी ओढणीचं टोक तोंडात धरून बसायची. घरी पोचेपर्यंत तिची जीभ टाळूला चिकटलेली असायची आणि तिला धड बोलताही येत नसे.

बुलढाण्यात प्रेमानंदचं गाड्यांच्या एसीचं गॅरेज होतं. शाहजादी मशीनवर असली की वहाब तिकडे गाडी घेऊन जायचा. प्रेमानंद कमी बोलणारा आणि नीट काम करणारा माणूस. पहिल्या खेपेला त्यानं गॅस तपासला, तो बरोबर निघाला. दुसऱ्या खेपेला पुढची जाळी उघडली. एसीची गरमी जिच्यातून बाहेर पडते ती जाळी मातीनं आणि कापसाच्या तंतूंनी गच्च भरली होती. प्रेमानंदनं ती पाण्याच्या फवाऱ्यानं धुतली, आतला हवेचा फिल्टर बदलला, पट्टा ताणून बसवला. मग गॅरेजच्या सावलीत काचा लावून एसी चालू केला. हवेच्या तोंडाशी हात धरला तर बोटं गारठली.

"आता पाहा," प्रेमानंद म्हणाला.

"वा," वहाब म्हणाला, आणि खरोखर खूष झाला.

गॅरेजातून बाहेर पडला की मात्र तो गाडी आपल्या पद्धतीनं नीट करायचा. एसीच्या बटणांखाली एक सरकती दांडी होती. तिच्या एका टोकाला गाडीचं चित्र आणि बाहेरून आत शिरणारा बाण. दुसऱ्या टोकाला गाडीतल्या गाडीत गोल फिरणारा बाण. हे चित्र वहाबला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बाहेरून येते ती ताजी हवा, आतल्या आत फिरते ती कोंडलेली. प्रेमानंद दर वेळी दांडी कोंडलेल्या हवेकडे सरकवून ठेवायचा आणि वहाब दर वेळी ती ताज्या हवेकडे आणायचा. एवढा कामाचा माणूस, पण हवेतलं याला काही कळत नाही, असं मनाशी म्हणून तो हसायचा. शिवाय शाहजादीच्या बाजूची काच दोन बोटं खाली करायचा. आलेली हवा जायला वाट नको का?

शाहजादीनं एकदा सांगून पाहिलं होतं. "काच लावा ना जी. लय झया लागून राह्यल्या उन्हाच्या."

"लावली तर गुदमरशीन. तुले आंधीच श्वास लागते."

हे तो मायेनंच म्हणाला होता, आणि म्हणूनच त्याच्याशी वाद घालता येत नव्हता. तिला धाप लागलेली दिसली की तो काच आणखी दोन बोटं खाली करायचा. बाहेरची हवा भट्टीच्या तोंडासारखी आत यायची आणि शाहजादी डोळे मिटून घ्यायची. तिला वाटायचं, याला हवेतलं कळतं, आपल्याला काय कळतं?

डायलिसिसच्या आधी दर वेळी वजन होई. दोन खेपांच्या मधे जे वजन वाढतं ते सगळं पाणीच असतं, म्हणून त्या काट्याला तिथे फार मान. धम्मशीला नावाची सिस्टर ते काम बघायची. ती शाहजादीला चाची म्हणायची आणि तिच्या हाताची शीर सापडेपर्यंत तिच्याशी झेबाच्या गोष्टी काढायची. झेबा म्हणजे वहाब-शाहजादीची एकुलती लेक, सोनाळ्याला दिलेली. एप्रिलच्या शेवटी धम्मशीलानं काट्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"चाची, लयच वाढलं हो. एवढं पाणी एकदम काढलं तर बीपी पडते तुमची. चाचा, पाणी मोजून देऊन राह्यले ना?"

वहाबला ते झोंबलं. जणू त्याच्या कूलरमधून गरम हवा येते असं कुणी चारचौघांत म्हटलं होतं. मशीनवरच्या बाकीच्या माणसांनी माना वळवल्या.

"मी मोजूनच देतो, सिस्टर," तो मोठ्यानं म्हणाला. "हे चोरून पेते. एसीची गाडी घेतली इच्यासाठी, तरी चोरून पेते. हे चोर आहे पाण्याची."

शाहजादीनं मान वर केली नाही. धम्मशीलानं तिला हाताला धरून पलंगावर नेलं आणि वहाबकडे पाठ करून काम सुरू केलं.

घरी आल्यावर तो पुन्हा सुरू झाला. त्यांचं घरातलं बोलणं अर्धं उर्दू आणि अर्धं वऱ्हाडी, आणि भांडण झालं की पुरं वऱ्हाडी.

"नऊ वर्षांची होती तवापासून रोजे करणारी बाई तू," तो म्हणाला. "जूनच्या उन्हात केले तू रोजे, शेतात जाऊन केले. आन आता एक गिलास सांभायता येत नाई तुले?"

शाहजादीनं सुजलेले पाय पलंगावर ओढून घेतले. मग हळूच म्हणाली, "रोज्याले मगरीब असते, दिवस बुडला का सुटते. याले नाई."

वहाबला हे ऐकू आलं, पण त्यानं ते आत घेतलं नाही. रागावलेल्या माणसाचे कान तेवढेच उघडे असतात जेवढे त्याच्या कामाचे. त्यानं स्वयंपाकघरातला माठ उचलला आणि घराला लागून असलेल्या आपल्या दुकानात नेऊन ठेवला. शाहजादीच्या उशाशी एक बाटली ठेवली, दिवसाचं पाणी मोजून भरलेली. कूलर तिच्या पलंगाशी लावून दिला, खिडकी उघडी केली आणि दुकानाकडचं दार पलीकडून ओढून घेतलं. शेजारणींना सांगून ठेवलं की हिनं पाणी मागितलं तर देऊ नका. शेजारणी हो म्हणाल्या आणि तिच्याकडे यायच्याच बंद झाल्या, कारण घरी आलेल्या बाईला पाणी विचारायचं नाही आणि घरच्या बाईनं पाणी मागितलं तर द्यायचं नाही, असं बसायचं तरी कसं?

माठ हलवला तरी वजन वाढतच राहिलं. वहाबनं घर धुंडाळलं, कपाटाच्या मागे पाहिलं, शेजारच्या पोरांना दरडावलं. काही सापडलं नाही. शाहजादीचे पाय सकाळीही सुजलेलेच असायचे आणि रात्री आडवं झोपता येईना, म्हणून ती भिंतीला टेकून बसून झोपायला लागली. वहाबला तिचा राग येत होता आणि भीती वाटत होती, आणि भीती कबूल करण्यापेक्षा राग करणं त्याला सोपं जात होतं.

मे अर्धा सरला तेव्हा एका डायलिसिसच्या दिवशी घाट चढताना शाहजादीला इतकी धाप लागली की तिनं त्याचा दंड घट्ट धरला. तिला दवाखान्यात सोपवून वहाब तडक गॅरेजात गेला. प्रेमानंद एका जीपखाली होता. वहाबनं त्याला बाहेर यायलाही सवड दिली नाही.

"तिसरी खेप आहे ही, प्रेमानंदभाऊ. तुमच्या गॅरेजात थंडा, आन घाटात गरम. तुमच्या शेडात काय जादू आहे का?"

प्रेमानंदनं बाहेर येऊन हात पुसले. बॉनेट उघडलं, गॅस पाहिला, पट्टा पाहिला, जाळी पाहिली. सगळं जिथल्या तिथे होतं. त्यानं एसी चालू केला, दांडी सरकवली, काचा लावल्या. थोड्या वेळानं आतून काचांना गारवा चढला. तो बराच वेळ डोकं खाजवत उभा राहिला.

"मी येतो तुमच्यासंगं," शेवटी तो म्हणाला. "चालत्या गाडीतच पाहू काय होते ते."

दोघं निघाले. गावाबाहेर पडून घाटाकडे वळताना वहाबनं सवयीनं हात पुढे केला, दांडी ताज्या हवेकडे सरकवली, आणि प्रेमानंदच्या बाजूची काच दोन बोटं खाली केली. बोलता बोलता, बघितल्याशिवाय.

"थांबा," प्रेमानंद म्हणाला. "हे काऊन केलं?"

"काय?"

"दांडी काऊन सरकवली?"

"बाहेरची हवा नको का? तुमी लोकं नेहमी कोंडून ठेवता."

प्रेमानंदनं दांडीवर बोट ठेवलं. "वहाबभाई, बाहेर आग पडून राह्यली. ते आगच तुमी आत घेऊन राह्यले. एसी बिचारा तिले थंडी करते, तवरोक दुसरी येते. आन जेवढी थंडी झाली तेवढी काचेतून जाते. हा काय कूलर आहे?"

"पण कोंडली तर..."

"कोंडू द्या ना. कोंडली म्हणूनच थंडी राह्यते ते. तीच हवा फिरून फिरून थंडी होते. दोन माणसं बसल्यानं कोणी गुदमरते का तिच्यात?"

त्यानं स्वतः दांडी परत सरकवली आणि काच वर केली. वहाबनं गाडी घाटाच्या कडेला लावली, इंजिन चालू ठेवून. सुरुवातीला काही कळलं नाही. मग गुडघ्यांवर गार झुळूक यायला लागली. मग मनगटांवर. मग गळ्याशी घामानं भिजलेला सदरा थंड पडला आणि त्याच्या अंगावर काटा आला. बाहेर दरीत सागाची उघडीबोडकी झाडं उन्हात धुपत होती, आणि आत बसून त्याला थंडी वाजत होती.

"कवापासून अशी चालवून राह्यले?" प्रेमानंदनं विचारलं.

"घेतली तवापासून."

 प्रेमानंद खिडकीतून बाहेर पाहू लागला, आणि थोड्या वेळानं म्हणाला, "चाला, भाभीची सुट्टी व्हायची येय झाली."

वहाबनं गाडी वळवली. आपण मूर्ख आहोत हे त्याला एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कळत होतं आणि ते आत कुठे ठेवावं हे कळत नव्हतं. एवढ्या खेपा झाल्या उन्हाळाभर, आणि प्रत्येक खेपेला त्यानं स्वतःच्या हातानं बाहेरची आग तिच्या तोंडावर सोडली होती. तिला धाप लागली की आणखी सोडली होती. ती घरी येऊन पाण्यासाठी तडफडली की तिला चोर म्हटलं होतं. तिनं काच लावा म्हटलं होतं. एवढंच तर म्हटलं होतं बिचारीनं.

प्रेमानंदला गॅरेजात सोडून दवाखान्याकडे येताना मात्र त्याच्या मनानं आशेची एक फट शोधून काढलीच. सापडलं ना शेवटी. आता गाडी थंड राहील, तिला तहान लागणार नाही, वजन खाली येईल. अर्धा मे तर सरलाच आहे. तिला सगळं सांगून टाकू, ती दोन दिवस बोलणार नाही, मग बोलेल. माठ आजच घरात आणू. त्यानं गाडी दवाखान्याच्या भिंतीच्या सावलीत लावली, केबिन थंड राहावी म्हणून एसी चालूच ठेवला, आणि जवळजवळ धावत पायऱ्या चढला.

धम्मशीला जिन्याच्या तोंडाशीच उभी होती. त्याचीच वाट पाहत असावी.

"चाचा, इकडं या जरा." तिनं त्याला भिंतीच्या कडेला घेतलं. "आज बीपी पडली चाचीची. मशीन मधातच थांबवावी लागली. डॉक्टरसाहेबांनी हृदयाचा फोटो काढला."

"मंग?"

"उन्हायाभर पाण्याचा भार पडला ना, हृदय ताणून ताणून ढिलं झालं. आता त्याच्यात दम राह्यला नाई. एकदम पाणी काढू देत नाई ते, आन नाई काढलं तर छातीत भरते." ती थांबली. तिला पुढचं बोलायचं नव्हतं, हे त्याला दिसलं. "थोडं थोडं करून पाहू म्हणतात डॉक्टर. भरती करा म्हटलं, तर चाची नाईच म्हणते, घरी न्या म्हणते. झेबाले बोलावून घ्या, चाचा. लवकर बोलावून घ्या."

वहाबला तिला सांगायचं होतं, की सापडलं, बिघाड सापडला, आता सगळं ठीक होणार आहे. तोंडही उघडलं त्यानं. पण धम्मशीलाच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्यानं तोंड परत मिटलं.

शाहजादी चाकाच्या खुर्चीतून खाली आली. वहाबनं तिला उचलून केबिनमध्ये बसवलं, आणि ती इतकी हलकी लागली की त्याला ते सोसेना. दार लावलं. काच वर होती. गाडी रस्त्याला लागली तशी शाहजादीनं ओढणी खांद्यावर ओढून घेतली आणि इकडेतिकडे पाहिलं.

"सुधरला?"

"हाव."

"लय थंडं लागते." तिनं डोळे मिटले. घाटाची पहिली दोन वळणं गेली. "आज तोंड नाई सुकून राह्यलं," ती म्हणाली, आणि हसली. किती तरी दिवसांनी हसली.

त्या हसण्यानं वहाबचा बांध फुटला. गप्प बसता आलं असतं. ती काही विचारत नव्हती, आणि तिला विचारायला आता फार दिवसही उरले नव्हते. पण त्यानं सांगितलं. दांडी, काच, बाहेरची हवा, प्रेमानंद काय म्हणाला ते सगळं, रस्त्यावर डोळे ठेवून, एकसारखं. घाट संपेपर्यंत तो बोलत होता. ती ऐकत होती की झोपली होती, ते त्याला कळेना.

"मी म्हटलं होतं काच लावा," ती म्हणाली.

"हाव."

"तुमी मले चोर म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं."

"हाव. माह्यं चुकलं, शाहजादी. लय चुकलं माह्यं."

यावर ती माफ केलं म्हणाली नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीची रिकामी वावरं होती, नांगरून उन्हात टाकलेली. तिनं त्यांच्याकडे पाहत म्हटलं, "पण मी होतीच चोर."

"आसं नको म्हणू."

"आयका तर. तुमी माठ नेला दुकानात. मंग मी कूलरचं पेली."

वहाबनं गाडीचा वेग कमी केला.

"टाकीत गिलास बुडवून पेली. रोज पेली. तुमी घर धुंडायत होते, कपाटं पाहत होते, तवा मी कूलरकडं पाहत बी नव्हती, तुमाले कळीन म्हणून." ती अगदी साध्या आवाजात सांगत होती. "कडू होतं ते. मले वाटलं, कडू आहे त कमी पेल्या जाईन. नाई झालं कमी."

ते पाणी कडू का होतं, ते वहाबला ठाऊक होतं. डास होऊ नयेत म्हणून त्यानंच टाकीत कडुनिंबाचं तेल ओतलं होतं. बोअरचं खारं पाणी, आठ-आठ दिवस तेच फिरलेलं, ताट्यांतल्या गवताचा कुजका रस उतरलेलं, तळाशी गंजाचा गाळ बसलेलं. गिऱ्हाइकांना तो बजावून सांगायचा, की हे पाणी जनावरालाही पाजू नका. आणि त्याची बायको त्याच्याच हातच्या कूलरमधून ते रोज पीत होती, त्याच्यापासून लपवून, कारण त्यानं माठ उचलून नेला होता. त्याला वाटलं गाडी थांबवावी, पण थांबवून काय करायचं ते कळेना, म्हणून तो चालवत राहिला.

घरी पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, पण पत्रे अजून तडतडत होते. त्यानं तिला पलंगावर भिंतीला टेकवून बसवलं. कूलर सकाळपासून चालूच होता, पलंगाशी, समोरची खिडकी उघडी. ताट्यांवरून पाणी ठिबकत टाकीत पडत होतं. वहाबनं जाऊन दुकानातला माठ उचलून आणला आणि तिच्या उशाशी ठेवला. गिलास भरला, काठोकाठ, आणि तिच्यापुढे धरला. थोडं पाणी गादीवर सांडलं.

शाहजादीनं गिलासाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "सिस्टरनं काय सांगतलं तुमाले?"

"कायी नाई. झेबाले बोलाव म्हणे, भेटाले."

तिनं मान हलवली. ती काय समजली ते तिच्या तोंडावर दिसलं, आणि त्यानं लपवायचा प्रयत्नही केला नाही. तिनं गिलास हातात घेतला, पण प्यायली नाही. तसाच मांडीवर धरून बसली.

"तो बंद करा," ती म्हणाली.

"काय?"

"कूलर. आवाज आयकू येते पाण्याचा. दिवसभर मी तोच आयकते."

वहाबनं बटण बंद केलं. पंखा फिरत फिरत थांबला, ताट्यांतून शेवटचे थेंब पडले, आणि घरात गरम शांतता पसरली. मग त्यानं कूलरच्या खालचं बूच काढलं आणि टाकीचं पाणी दारातून अंगणात वाहू दिलं. हिरवट, तेलाची साय आलेलं पाणी तापलेल्या मातीत पसरलं आणि त्याची उग्र कडू वाफ दारापर्यंत आली. वहाब तिथेच उंबऱ्यावर खाली बसला आणि तोंडात सदऱ्याची बाही कोंबून रडला, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. आत शाहजादी गिलास धरून बसली होती. त्यानं झेबाला लावायला फोन हातात घेतला तोवर अंगणातलं पाणी सुकून गेलं होतं.